भाड्याचंच जुनं घर विकत घ्यावं की नवीन इस्टेटवर जावं? (स्विंडन)

गल्लीच्या_टोकाला:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडनच्या कडेला एका क्लोजमध्ये भाड्याने राहतो, सव्वादोन वर्षं झाली. मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक. क्लोज म्हणजे जिथे पुढे रस्ता संपतो अशी छोटी गल्ली, चौदा घरं, सगळी १९३० च्या दशकातली सेमी-डिटॅच्ड, म्हणजे दोन घरांत एक भिंत सामाईक. पुढे गोलसर बे विंडो, मागे लांबट बाग, वर तीन बेडरूम, त्यातली तिसरी एवढी लहान की पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं. गेल्या महिन्यात मालकांचा फोन आला की घर विकायचंय, एजंटकडे देण्याआधी तुम्हाला विचारतो, ३,२०,००० पौंड. माणूस सरळ आहे, त्याबद्दल काही शंका नाही.

दुसरीकडे दोन मैलांवर नवीन इस्टेट, म्हणजे बिल्डरची नवी वसाहत, होतेय. तिथेही तीन बेडरूम, किंमत जवळपास तेवढीच, ईपीसी बी (घराला ऊर्जा किती कमी लागते त्याची श्रेणी, ए सगळ्यात चांगली), दारात दोन गाड्यांची जागा, सगळं कोरं करकरीत. नवऱ्याच्या मनात ते घर भरलंय आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नाही, कारण आमच्या या घरात हिवाळा फार त्रासाचा जातो. सकाळी उठलं की काचांवरून पाणी ओघळत असतं, मी रोज जुना टॉवेल घेऊन खिडकीच्या कट्ट्यावरचं पाणी टिपते आणि तो पिळला की अर्धा मग भरतो. जानेवारीत लेकीच्या खोलीतलं कपाट झाडायला म्हणून पुढे ओढलं तर मागची भिंत खालपासून माझ्या गुडघ्यापर्यंत काळी. कपाटाच्या पाठीलाही बुरशी, आणि त्या बाजूला टांगलेल्या तिच्या कोटाच्या बाहीवर ठिपके. तिला खोकला होताच. त्या दिवशी मी खूप रडले.

पण ही गल्ली सोडवत नाही हो. मागच्या वर्षी नवरा कामासाठी बाहेर होता आणि रात्री दहाला बॉयलर बंद पडला, बाहेर उणे तीन. समोरच्या काकांना मेसेज केला तर ते ड्रेसिंग गाऊनवर कोट चढवून आले, काटा दाखवला, प्रेशर अर्ध्या बारच्या खाली गेलं होतं, खालची फिलिंग लूप (बॉयलरमध्ये पाणी भरायची नळी) उघडून सव्वा बारपर्यंत आणलं, मग परत थोडं उतरवलं आणि म्हणाले आता तू कर. मी एकटीने करून दाखवल्यावरच घरी गेले. शेजारच्या आजी (८१ वर्षांच्या, त्या घरात १९६८ पासून) दर उन्हाळ्यात कुंपणावरून रुबार्बची जुडी देतात आणि सासूबाई इथे असल्या की त्याचा मेथांबा करून वाटीभर परत कुंपणावरूनच जातो. लेकीची शाळा चालत सहा मिनिटं.

तर तुमच्यापैकी जे जुन्या सेमीमध्ये किंवा नव्या इस्टेटवर राहतात त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं असतं? ही बुरशी घरातच मुरलेली आहे की आमच्या राहण्यामुळे होतेय हे कसं ओळखायचं? आणि नव्या इस्टेटच्या कागदात वर्षाला २१० पौंड "इस्टेट चार्ज" लिहिलाय, घर फ्रीहोल्ड असताना हा कशाचा?

कुंपणापलीकडे:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण आम्ही त्यात पोळलोय.

घर फ्रीहोल्ड म्हणजे जमीन तुमची, भिंती तुमच्या, हे खरंच आहे. पण नव्या इस्टेटवरचे आतले रस्ते, दिवे, हिरवळ, खेळायची जागा, पावसाचं पाणी साठवायचं तळं हे सगळं कौन्सिलने (इथल्या नगरपालिकेने) ताब्यात घेतलेलं असेलच असं नाही. बिल्डर आणि कौन्सिल यांच्यात १९८० च्या हायवेज ॲक्टखाली सेक्शन ३८ चा करार झाला तर रस्ता पुढे कौन्सिलकडे जातो. झाला नाही तर तो खाजगीच राहतो आणि त्याचा खर्च एक मॅनेजमेंट कंपनी सगळ्या घरांकडून वसूल करते. कौन्सिल टॅक्स मात्र तुम्ही पूर्ण भरायचा, सूट नाही. आम्ही घेतलं तेव्हा वर्षाला १८० होते, पाचव्या वर्षी ४१२ झालेत, आणि कोपऱ्यावरचा दिवा तीन महिने बंद होता तेव्हा कौन्सिल म्हणे आमचा नाही, कंपनी म्हणे बिल्डरने अजून आमच्याकडे दिला नाही. माझी बायको रात्रपाळीहून येते, ती तीन महिने मोबाईलच्या उजेडात गाडीपासून दारापर्यंत यायची. हे कोणाला सांगायचं?

आणि हे फक्त आमचंच नाही. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणजे सीएमएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये घरबांधणीवर मोठा अहवाल दिला त्यात याच खाजगी इस्टेटींबद्दल सडकून लिहिलंय, सरासरी चार्ज तेव्हा वर्षाला साडेतीनशे पौंडांच्या आसपास होता. मे २०२४ मध्ये कायदाही मंजूर झाला पण त्यातल्या बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायच्या असल्याने कायदा झाला म्हणजे सुटलो असं धरून चालू नका.

तुमच्या सॉलिसिटरला (घराचे कागद बघणाऱ्या वकिलाला) टीपी१ नावाचा ट्रान्सफरचा कागद नीट वाचायला लावा. त्यात चार्ज वाढवायला काही मर्यादा आहे का ते बघा, आणि "रेंटचार्ज" (घरालाच कायमचा जोडलेला ठरावीक आकार) हा शब्द दिसला तर तिथेच थांबा. १९२५ च्या प्रॉपर्टी कायद्याच्या कलम १२१ प्रमाणे रेंटचार्ज ४० दिवस थकला तर समोरच्याला घराचा ताबा घेण्यापर्यंत किंवा घरावर लीज चढवण्यापर्यंत अधिकार मिळतात, रक्कम कितीही किरकोळ असो. मॉर्गेज देणाऱ्या बँकाही यामुळे बिचकतात, म्हणून हे कलम लागू होणार नाही असं कागदात स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. सेल्स ऑफिसमधली मुलगी यातलं एक अक्षर सांगणार नाही. आणि बिल्डर सुचवेल तो सॉलिसिटर घेऊ नका, स्वतःचा शोधा.

उबदार_कोपरा:

वरच्यांचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही येऊ द्या. आम्ही आधी सहा वर्षं व्हिक्टोरियन टेरेसमध्ये (एकोणिसाव्या शतकातल्या, ओळीने चिकटून बांधलेल्या घरांपैकी एकात) काढली, धाकट्याला दर हिवाळ्यात नेब्युलायझर लागायचं. नव्या घरात आल्यापासून एकदाही नाही. हीटिंग सकाळी तासभर आणि संध्याकाळी दोन तास, बास. मला इस्टेट चार्ज परवडतो, पोराचा श्वास महत्त्वाचा.

फक्त ताबा घ्यायच्या वेळी स्वतंत्र माणूस लावून स्नॅगिंग (बांधकामातल्या उणिवांची तपासणी) करून घ्या, आमच्याकडे ८७ गोष्टी निघाल्या, त्यात माळ्यावर एका कोपऱ्यात इन्सुलेशनच टाकलेलं नव्हतं. वॉरंटी बहुतेक दहा वर्षांची असते पण बिल्डर स्वतः येऊन दुरुस्त करतो ती पहिली दोन वर्षंच, नंतर फक्त मोठे बांधकामातले दोष. आणि शाळा. नकाशावर शाळा दाखवलीय म्हणून ती उभी राहीलच आणि तीही तुमची मुलगी प्राथमिकमध्ये असेपर्यंत, असं समजू नका. आमची अजून नकाशातच आहे.

लेस्टरची_मावशी:

गल्लीच्या टोकाला, तुझं लिहिणं वाचून मला माझी पहिली पाच वर्षं आठवली. मी १९३४ च्या सेमीमध्ये २२ वर्षं राहतेय. तुझ्या बुरशीबद्दल सविस्तर लिहिते कारण याच एका गोष्टीवर लोक घाबरून चांगली घरं सोडतात किंवा न बघता वाईट घरं घेतात.

आधी एक लक्षात घे, तू रडलीस पण तुझी चूक नाही. घरातल्या माणसांच्या श्वासाने, अंघोळीने, स्वयंपाकाने, आत वाळत घातलेल्या कपड्यांनी दिवसाला कित्येक लिटर वाफ हवेत जाते आणि ती घरातल्या सगळ्यात गार जागेवर जाऊन पाणी होते. काच गार म्हणून काचेवर. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे हवा फिरत नाही, ती भिंत गार पडते म्हणून तिथे. ठिपक्या ठिपक्यांची काळी बुरशी, कोपऱ्यात आणि फर्निचरमागे, हिवाळ्यातच, हे बहुतेक वेळा या वाफेचं काम असतं. जमिनीतून चढणारी ओल वेगळी दिसते, खालून वर येते, तिथे पिवळट डाग पडतो आणि वर मिठासारखी पांढरी रेघ राहते. आणि बाहेरून शिरणारं पाणी पावसानंतर वाढतं, त्याचा डाग कुठेही मधेच असतो, बहुतेक वेळा वर फुटका गटर नाहीतर खिडकीभोवतीचा निघालेला सिमेंट सापडतो. तुझी भिंत खालपासून काळी म्हणतेस पण खोली वरच्या मजल्यावरची आहे ना? मग जमिनीची ओल तिथे पोचणार नाही, त्यामुळे वाफ किंवा बाहेरचं पाणी या दोघांपैकीच.

आता घराभोवती एक चक्कर मार. भिंतीला ओल-रोधक थर असतो, वीटकामात एक काळी रेघ दिसेल, ती जमिनीपासून निदान १५० मिलीमीटर म्हणजे विटांचे दोन थर वर हवी. पुष्कळ घरांत मागे पेव्हिंग किंवा डेकिंग करताना जमीन उंचावतात आणि ती रेघच गाडली जाते. तिच्या आसपास जाळीच्या विटा असतात, एअर ब्रिक, त्यातून लाकडी जमिनीखाली हवा खेळते. त्या बुजलेल्या असतील तर खालची लाकडं कुजायला लागतात. मग वीट बघ. नुसत्या लांब बाजू दिसत असतील तर आत पोकळी असलेली कॅव्हिटी वॉल असण्याची शक्यता जास्त, एक लांब एक आखूड अशी रचना असेल तर बहुधा भरीव भिंत, जास्त गार. वर पेबलडॅश (बारीक खडे लावलेला गिलावा) असेल आणि वीट दिसत नसेल तर दारापाशी भिंतीची जाडी मोज, नऊ इंचांच्या आसपास म्हणजे भरीव, अकराच्या पुढे म्हणजे पोकळी. आणि पोकळीत फोम किंवा लोकर भरलेली असेल तर ती कधी भरली, तिची गॅरंटी आहे का हे मालकाला विचार, कारण जिथे पाऊस सपासप भिंतीवर आपटतो तिथे चुकीची भरलेली लोकर पाणी आत आणते.

घर घ्यायच्या आधीचा सर्व्हे, म्हणजे घराची तपासणी, लेव्हल ३ चा, सगळ्यात सविस्तर कर. लेव्हल २ पेक्षा महाग पडतो पण नव्वद वर्षांच्या घराला तोच हवा. सर्व्हेयरला तीन गोष्टी मुद्दाम बघायला सांग. खालच्या खोलीत चिमणीचा भाग पाडून जागा मोठी केली आहे का, आणि केली असेल तर वरच्या चिमणीला आधार कशाचा दिलाय आणि बिल्डिंग कंट्रोलचा दाखला आहे का. छतावर नक्षीचा आर्टेक्स (जाडसर लेप) आहे का, इथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ ला आली, त्याच्या आधीच्या आर्टेक्समध्ये ते असू शकतं, न छेडता राहिलं तर चालतं पण तपासल्याशिवाय खरवडायचं नाही. आणि तिसरं, स्वयंपाकघर मागे वाढवलंय का. वाढवलं असेल तर अजून एक गोम आहे, कौन्सिल टॅक्सचा बँड (कराचा गट, ए पासून वर चढत जाणारा) १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतो, आधीच्या मालकाने वाढीव बांधकाम केलं तरी त्याचा बँड तसाच राहतो, पण घर विकलं गेलं की पुन्हा मोजून वर जाऊ शकतो. आमचा सी चा डी झाला होता.

बाकी रोजचं सांगते. कढईवर झाकण, स्वयंपाक झाल्यावरही पंधरा मिनिटं पंखा चालू, आणि तो पंखा हवा खरंच बाहेर फेकतोय ना ते बघ, कितीतरी हूड नुसती हवा गाळून परत घरातच सोडतात, फोडणीचा वासही राहतो आणि वाफही. कपडे एका खोलीत वाळत घालायचे, दार बंद, आत डीह्युमिडिफायर. माझ्याकडच्याची टाकी नोव्हेंबरात रोज दीड लिटर भरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. खिडकीच्या वरच्या चौकटीतल्या त्या बारीक फटी, ट्रिकल व्हेंट, थंडी येते म्हणून आपण बंद करतो ना, त्या उघड्या ठेव. आणि हीटिंग एकदम खूप आणि मग पूर्ण बंद असं करू नको, थोडं कमी पण जास्त वेळ चालू दे म्हणजे भिंती गार पडत नाहीत.

शेजाऱ्यांबद्दल मी काही वेगळं सांगायची गरज नाही, ते तू स्वतःच लिहिलंयस. सामाईक भिंतीला हात लावायचा झाला तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याने शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. त्या आजींना आधी चहाला बोलवून सांग, मग कागद दे. आमच्या शेजाऱ्यांनी उलटं केलं, थेट वकिली पत्र दारातून टाकलं, आणि चार वर्षं बोलणं बंद होतं.

हिशेबी_माणूस:

सगळे घराबद्दल बोलताहेत, मी एकच विचारतो. तुमच्यापैकी कोणाच्या नावावर भारतात घर आहे का?

गल्लीच्या_टोकाला:

मावशी, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचायला लावलं. घर खाली वीट आणि वर पेबलडॅश आहे, उद्या टेप घेऊन मोजते.

@हिशेबी_माणूस, हो, पुण्यात नवऱ्याच्या नावावर फ्लॅट आहे, लग्नाआधी घेतलेला, भाड्याने दिलाय. पण इथे आमचं पहिलंच घर. त्याने काही फरक पडतो का?

हिशेबी_माणूस:

फार पडतो, आणि बहुतेकांना हे सॉलिसिटरने फॉर्म पाठवल्यावर कळतं म्हणून आधी विचारलं.

स्टॅम्प ड्यूटीत "पहिलं घर" म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यातला फ्लॅट मोजला जातो. घेणाऱ्यांपैकी एकाच्या नावावर असला तरी दोघांची सवलत जाते. आता ३,२०,००० वर बघा. खरंच पहिलं घर असतं तर पहिल्या तीन लाखांवर काही नाही, वरच्या २०,००० वर ५ टक्के, म्हणजे फक्त १,००० पौंड. सवलत नसेल तर १,२५,००० पर्यंत शून्य, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के म्हणजे २,५००, उरलेल्या ७०,००० वर ५ टक्के म्हणजे ३,५००, एकूण ६,०००. आणि पुण्यातला फ्लॅट ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल आणि इथलं घर घ्यायच्या दिवशी तुमच्याकडेच असेल तर हे दुसरं घर धरून संपूर्ण किमतीवर अजून ५ टक्के, म्हणजे १६,०००. सगळं मिळून २२,००० पौंड. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा जादा दर ३ चा ५ झालाय.

तुम्ही एकटीच्या नावावर घेतलं तरी सुटका नाही, या जादा दरासाठी एकत्र राहणारे नवराबायको एकच धरतात. इथलं घर घ्यायच्या आधी पुण्यातला विकला गेला तर १६,००० वाचतात, दोघांच्या नावावर घेतलं तर ६,००० मात्र भरावेच लागतील. हे जुन्या घराला लागू आणि नव्यालाही, त्यामुळे निवड तुमची तुम्ही करा पण हे पैसे बाजूला धरून करा. डिपॉझिटमधून २२,००० गेले तर मॉर्गेजचा दरही बदलतो.

कुंपणापलीकडे:

बापरे, हे मलाही इतकं नीट माहीत नव्हतं.

ताई, एक अजून. मालक विकतोय म्हणून घाईत पडू नका. १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करायला लावणं, ते जुनं सेक्शन २१, बंद झालंय. घर विकायचं हे कारण मालकाला देता येतं पण त्यासाठी चार महिन्यांची नोटीस लागते. म्हणजे त्याने आज नोटीस दिली तरी तुमच्याकडे पुण्याचं ठरवायला वेळ आहे. आणि तो एजंटकडे गेला नाही तर त्याचं कमिशन वाचतं, मधले महिने घर रिकामं राहत नाही, भाडं चालू राहतं. हे सगळं त्याच्या फायद्याचं आहे, ते बोलण्यात येऊ द्या आणि किंमत त्या हिशेबाने मागा.

गल्लीच्या_टोकाला:

आठवड्याने लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

भिंत मोजली, प्लॅस्टर धरून साडेअकरा इंच. शनिवारी लेकीला घेऊन घराभोवती फिरले, तिला जाळीच्या विटा शोधायचं काम दिलं. पुढे दोन सापडल्या. मागे एकही नाही. मग शेजारच्या आजींना विचारलं तर त्या काठी टेकत आल्या, त्यांच्या बाजूच्या तीन दाखवल्या आणि म्हणाल्या तुमच्याकडेही अगदी अशाच होत्या, तुमच्या आधीच्याच्या आधीच्या भाडेकरूंच्या वेळी ते दगडी अंगण केलं तेव्हा झाकल्या गेल्या, मी तेव्हाच सांगितलं होतं. मालकांना फोटो पाठवले. त्यांनी वाद घातला नाही, दगड काढून उतार परत नीट करून देतो म्हणाले, विकणं होवो न होवो. लेकीच्या खोलीबाहेरच्या गटरचा जोडही सुटलेला निघाला, आम्ही रोज त्याच्याखालून जातो आणि कधी वर बघितलंच नव्हतं.

पुण्याच्या फ्लॅटचं घरात दोन रात्री बोलणं झालं, सोपं नव्हतं, सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं ते घर आहे. शेवटी सासूबाईच फोनवर म्हणाल्या की विका, मी तिथे आले की कुठे झोपायचं तेवढं बघा. तिथला भाडेकरूच घ्यायला तयार आहे. नवरा अजून नव्या इस्टेटचं नाव काढतो पण टीपी१ मागितला तर सेल्स ऑफिसकडून अजून उत्तर नाही. लेव्हल ३ चा सर्व्हेयर २३ तारखेला येतोय.

मावशी, एकच विचारायचं होतं, तुमचा डीह्युमिडिफायर कॉम्प्रेसरवाला आहे की डेसिकंट?

लेस्टरची_मावशी:

दोन्ही वापरलेत. राहत्या, गरम केलेल्या खोलीत कॉम्प्रेसरवाला घे, वीज कमी लागते. खोली फार गार असेल, पंधरा अंशांच्या खाली, तर डेसिकंट बरा, तो थंडीतही ओढतो आणि थोडी गरम हवाही सोडतो. लेकीच्या खोलीसाठी पहिला घे. आधी ती भिंत बुरशीच्या औषधाने दोनदा पुसून पूर्ण वाळू दे, खिडकी उघडी ठेवून, लेकीला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत झोपव. आणि सर्व्हेयर आला की त्याच्याबरोबर तू पण माळ्यावर चढ.